हेडफोन घेण्याआधी कानाला विचारा

गळिताचा हंगाम सुरू झाला की वारणानगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ वाढते. अंधार पडल्यावर कोडोलीकडून सायकलवर येणाऱ्या माणसाला मागे वळून न पाहताही कळते, की ट्रॅक्टर मागून येतो आहे आणि आता उजव्या हाताला आला आहे. तो सायकल कडेला घेतो. डोळ्यांनी काही पाहिलेले नसते. सगळे काम दोन कानांनी केलेले असते.

आपली मुले हल्ली मोबाईलवर किंवा संगणकावर खेळताना हीच गोष्ट शोधत असतात. ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’सारख्या खेळात गडी दिसण्याआधी त्याच्या पावलांचा आवाज येतो. तो कोणत्या बाजूने आला, हे ज्याला आधी कळले तो वाचला. म्हणून मुलगा हट्ट धरतो, “आई, मला गेमिंगचा हेडफोन पाहिजे.” किंमत विचारावी तर पाच-सहा हजार सांगतो. हंगामी कामावर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम थोडी नव्हे. नाही म्हणावे तर पोर रुसते, हो म्हणावे तर महिन्याचे गणित कोलमडते. अशा वेळी रागावण्यापेक्षा वस्तूची माहिती करून घेतलेली बरी.

या भागाला संगणक काही नवा नाही. १९९८ साली ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचे काम सुरू झाले, तेव्हा उसाच्या कामासाठी शेतकऱ्यांचा संगणकाशी संबंध आला. आज नातवंडे त्याच यंत्रावर खेळतात. पण वस्तू पारखून घ्यायची गरज तेव्हा होती तशीच आजही आहे.

दिशा कळते कशी?

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर फार तर सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा-सात भाग एवढाच असतो, तरी मेंदू तो बरोबर टिपतो. शिवाय डोके मध्ये आडवे येते, त्यामुळे बारीक, चिरका आवाज पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतो. पुढे-मागे आणि वर-खाली ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात.

म्हणजे दिशेसाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात: डाव्या कानाचा आवाज वेगळा, उजव्या कानाचा वेगळा. साध्या स्टिरिओ हेडफोनमध्ये त्या असतातच. पावले कोठून येतात याचा हिशेब खेळाचा प्रोग्राम करतो आणि हेडफोन तो कानापर्यंत पोहोचवतो. खोक्यावर ‘७.१ सराउंड’ असे मोठ्या अक्षरात छापलेले असते, पण अशा बहुतेक हेडफोनमध्ये स्पीकर दोनच असतात आणि बाकीचे काम प्रोग्रामच करतो. खेळात हेडफोनसाठी वेगळी सोय असेल तर ती चालू ठेवून हेडफोनची ‘सराउंड’ सोय बंद ठेवावी. दोन्ही एकदम चालू केल्या तर आवाज घोळतो आणि दिशा उलट पुसट होते.

दुकानात काय पाहावे?

पहिली गोष्ट वायर. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा येतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही, पण खेळात गडी पुढे गेल्यावर पाऊल ऐकू येते. वायरचा हेडफोन स्वस्तही पडतो आणि चार्जिंगची कटकट नसते. मात्र मोबाईलला गोल पिनेचे भोक आहे का ते आधी बघावे. नसेल तर टाइप-सी जोडणी लागेल. जुन्या संगणकाला माईक आणि आवाज यांची भोके वेगळी असतात. त्याला दोन तोंडांची जोडवायर लागते.

दुसरी गोष्ट बास. धडधड करणारा हेडफोन दुकानात भारी वाटतो, पण त्या धडधडीत पावलांचा बारीक आवाज बुडून जातो. स्पीकर ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावरून आवाजाची पारख होत नाही.

तिसरी गोष्ट घर. मागून जाळी असलेल्या उघड्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेर सांडतो आणि बाहेरचा आत येतो. दोन खोल्यांच्या घरात एकीकडे टीव्ही, दुसरीकडे कुकरची शिट्टी चालू असते. तेथे बंद कपांचाच बरा. कप पूर्ण कान झाकणारा, वजनाला हलका आणि चष्म्याच्या काड्या न दाबणारा असावा. उन्हाळ्यात रेक्झिनच्या गादीपेक्षा कापडी गादीला घाम कमी येतो. कानात घालायचे साधे वायरचे इअरफोनही दिशा चांगली दाखवतात, हे विसरू नये.

आता खरी परीक्षा. आपला मोबाईल दुकानात न्यावा. मुलाने खेळाच्या सराव-मैदानात उतरावे, मित्राने त्याच्या भोवती फिरावे. मुलाने डोळे मिटून, आवाज येईल तिकडे बोट दाखवावे आणि ते बरोबर आहे का हे वडिलांनी पडद्यावर पाहावे. असेच स्वस्त आणि महाग हेडफोन, किंमत न सांगता, आलटूनपालटून लावावेत. डावे-उजवे बरोबर आले, पुढे-मागे बहुतेक वेळा आले, की तो हेडफोन पुरेसा. बऱ्याचदा हजाराच्या आसपासचाही यात उतरतो. दिशा अजिबातच कळेना तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू राहिला आहे का, आणि डावा कप उजव्या कानावर गेला नाही ना, हेही पाहावे.

हेडफोनपेक्षा कान मोलाचा

या परीक्षेत कधी कधी वेगळेच कळते. हेडफोन बदलला, बाजू उलटी करून लावला, तरी मूल एकाच बाजूचा आवाज चुकवते. अशा वेळी दोष हेडफोनचा नसून कानाचा असू शकतो. कानात मळ घट्ट बसलेला असतो, लहानपणापासून कान वाहत असतो, आणि घरात सगळे “लक्ष देत नाही” म्हणून त्याला रागावत असतात. वर्गात मागच्या बाकावर बसून त्याला बाईंचे बोलणे नीट पोहोचत नसेल, हे कोणाच्या ध्यानातच आलेले नसते. असे वाटले तर हेडफोनचे पैसे बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. कानात तेल किंवा काडी घालू नये.

चांगला कानही जपावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबलला मात्र ही मुदत ४ तासांवर येते. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलच धरली आहे. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि मधूनमधून हेडफोन काढून ठेवावा. खेळून झाल्यावर कानात गुणगुण राहिली तर आवाज फार झाला असे समजावे. कानातील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्यांनी यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य काढले आणि आज नातवाची हाक ज्यांना दोनदा ऐकावी लागते, अशा आजोबांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा मुलाला नुसते “नाही” म्हणू नका आणि खोके बघून “हो”ही म्हणू नका. त्याला बरोबर घेऊन जा, डोळे मिटून परीक्षा घ्या, वायरचा साधा हेडफोन घ्या. त्याच हेडफोनवर तो धडेही ऐकेल. उरलेल्या पैशांत वह्या येतील. आणि रस्त्यावर निघताना मात्र तो हेडफोन घरीच ठेवायला सांगा. मागून येणारा ट्रॅक्टर ऐकायला दोन्ही कान मोकळे असले पाहिजेत.