मूल कोणत्या शाळेंत घालावें?

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगराळ भागांत मोलगी हें बाजाराचें गांव आहे. आसपासच्या पाड्यांचा मीठमिरचीचा, कापडाचोपडाचा, आमचुराचा आणि दवाखान्याचा व्यवहार या गांवाशीं बांधलेला आहे. उन्हाळा सरत आला, कैऱ्यांच्या वाळलेल्या फोडी विकून चार पैसे हातीं आले, म्हणजे या भागांतील कित्येक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलाचें नांव पाड्यावरच्या सरकारी शाळेंत राहूं द्यावें, कीं फी भरून त्यास खासगी शाळेंत घालावें? शहरांत हा प्रश्न पुष्कळदां प्रतिष्ठेचा असतो. मोलगीसारख्या ठिकाणीं तो पोटाशीं येऊन भिडतो. कारण फीची रक्कम आमचुराच्या विक्रींतून, नाहींतर ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलींतून यावयाची असते. असा पैसा खर्च करण्यापूर्वीं त्याच्या मोबदल्यांत मुलाच्या पदरीं काय पडतें, याचा शांतपणें विचार होणें अगत्याचें आहे.

‘सरकारी’ आणि ‘खासगी’ हे शब्द वाटतात तितके सरळ नाहींत. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय आश्रमशाळा या उघडच सरकारी होत. अनुदानित शाळा व अनुदानित आश्रमशाळा यांची मालकी खासगी संस्थेची असते, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरींतून होतो. विनाअनुदानित शाळा केवळ फीवर चालते आणि ती बहुधा इंग्रजी माध्यमाची असते. आदिवासी मुलांस नामांकित निवासी इंग्रजी शाळांत पाठविण्याची राज्य सरकारची जी योजना आहे, तींत शाळा खासगी, पण फी सरकारची. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गांवांत १९९० नंतरच्या वर्षांत नर्मदा बचाओ आंदोलनानें ज्या जीवनशाळा उभ्या केल्या, त्या सरकारच्या नव्हेत. परंतु फी घेऊन चालणाऱ्या खासगी शाळांशींही त्यांचें कांहीं नातें नाहीं. म्हणजे ‘खासगी कीं सरकारी’ या एका प्रश्नाच्या पोटांत तीन प्रश्न आहेत: मालकी कोणाची, पैसा कोणाचा, आणि शिकविणें कोणत्या भाषेंत? आईबाप बहुधा पहिल्या प्रश्नाची चौकशी करतात. मुलाचें हिताहित मात्र तिसऱ्यावर अधिक अवलंबून असतें.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या दोन पक्षांचें वैर असल्याचें दिसत नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली, ती खासगी प्रयत्नानें. त्यांनींच १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करून, प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें, अशी मागणी सरकारकडे केली. सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं तें सर्व बडोदें संस्थानास लागू केलें. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं तशाच हेतूचें विधेयक कायदेमंडळांत आणलें. तें पुढील वर्षीं नामंजूर झालें. दुसरीकडे, कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करून पुढें कोसबाडच्या वारली वस्तींत बालशाळा नेल्या. मूल गुरें सोडून शाळेंत येऊं शकत नाहीं, हें पाहून तेथें कुरणावरच शाळा भरविण्यांत आली. जेथें सरकार पोंचलें नाहीं तेथें खासगी प्रयत्न पोंचला, आणि खासगी प्रयत्नास जें पेलणारें नव्हतें तें सरकारनें अंगावर घ्यावें असा आग्रह धरला गेला. तेव्हां केवळ मालकीवरून शाळेचा बरेवाईटपणा ठरविण्यास आपल्या पूर्वानुभवाचा आधार मिळत नाहीं.

खासगी शाळेंतील मुलें अधिक हुशार दिसतात, हें तरी खरें ना, असें कोणी विचारील. तीं तशीं दिसतात, हें खरें आहे. परंतु जें घर फी भरूं शकतें, त्याच घरांत बहुधा वाचतां येणारी आई असते, संध्याकाळीं दिवा असतो आणि मुलास जनावरांमागें धाडण्याची निकड नसते. यांतील घराचा वाटा किती आणि शाळेचा किती, हें निराळें काढल्यावांचून शाळेची परीक्षा होत नाहीं. हें काम आंध्र प्रदेशांतील १८० खेड्यांत झालेल्या एका प्रयोगांत करण्यांत आलें. सरकारी शाळेंतील ज्या मुलांच्या पालकांनीं खासगी शाळेसाठीं अर्ज केले, त्यांतून चिठ्ठ्या टाकून कांहींस फीची सवलत देण्यांत आली. म्हणजे दोन्ही गटांतील घरें एकाच प्रकारचीं, फरक काय तो शाळेचा. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनीं चार वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध केले. तेलुगु आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. खासगी शाळा जो हिंदी विषय जादा शिकवीत, त्यांत त्यांचीं मुलें पुढें होतीं. खासगी शाळांच्या बाजूनेंही एक गोष्ट निघाली. त्या तेलुगु व गणितास कमी वेळ देत होत्या, आणि एका मुलामागें त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. तरी त्यांचें फळ सरकारी शाळांहून उणें नव्हतें. सरकारी शाळांनीं यावरून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु फी भरली म्हणजे मूल आपोआप अधिक शिकतें, ही समजूत मात्र या प्रयोगानें टिकत नाहीं.

आतां भाषेचा प्रश्न. या डोंगरांत देवमोगरा मातेस ‘याहा मोगी’ म्हणतात. याहा म्हणजे आई. घरीं भिली कुळांतील बोली ऐकत वाढलेलें मूल सहाव्या वर्षीं शाळेंत येतें, तेव्हां पुस्तकांतील ‘आई’ हा शब्दही त्यास नवा असतो. मराठी शाळेंत त्यास एक परकी भाषा ओलांडावी लागते. इंग्रजी शाळेंत जी भाषा त्याच्या घरीं, रानांत वा बाजारांत कोणी बोलत नाहीं, तींत त्यास बेरीज-वजाबाकी समजून घ्यावी लागते. मराठी निदान मोलगीच्या बाजारांत, बसगाडींत आणि दवाखान्यांत कानावर पडते. ज्या भाषेंत मूल प्रश्न विचारूं शकत नाहीं, तींत तें पाठ करतें. आणि पाठ केलेलें ऐकून आईबापांस तें शिकलें असें वाटतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हें माध्यम असावें, असें म्हटलें आहे. याचा अर्थ इंग्रजी नको असा नव्हे. कचेरी, न्यायालय, वरचें शिक्षण यांच्या किल्ल्या पुष्कळ अंशीं इंग्रजीच्या हातीं आहेत, हें आदिवासी बापास कोणी सांगावयास नको. पण इंग्रजी हा विषय म्हणून चांगला शिकणें वेगळें, आणि सर्व विषय इंग्रजींतून अर्धवट शिकणें वेगळें.

येथें एका धोक्याकडे लक्ष वेधणें जरूर आहे. पहिल्या वर्षाची फी कशीबशी भरली जाते, दुसऱ्या वर्षाचीही जाते. मग एखादें वर्ष पावसाचें वाईट येतें, घरांत आजारपण येतें, किंवा धाकट्याचीही फी भरावयाची पाळी येते. तिसरीचौथींत मूल काढून पुन्हां गांवच्या शाळेंत आणावें लागतें. त्या वेळीं त्याच्या वयाचीं मुलें मराठी सरळ वाचूं लागलेलीं असतात. यास मराठी अक्षरें जुळवितां येत नाहींत आणि इंग्रजी तर अर्ध्यावरच सुटलेली असते. दोन्ही भाषांत मागें पडलेलें असें मूल वर्गांत गप्प बसूं लागतें आणि एके दिवशीं शाळेंत येणेंच सोडतें. म्हणून पहिल्या वर्षाची फी देतां येईल काय, एवढाच हिशेब करून भागत नाहीं. सारीं वर्षें, सर्व मुलांसाठीं, गणवेश व गाडीभाड्यासकट ती देतां येईल काय, हा हिशेब करावा. आणि त्यांत मुलीचा वाटा मुलाइतकाच धरावा. पुष्कळ घरांत मुलगा फीच्या शाळेंत व मुलगी फुकटच्या शाळेंत, अशी विभागणी बोलल्यावांचूनच होऊन जाते.

सरकारी शाळेचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यांत साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले आहेत. पहिली ते पांचवीचे पांच वर्ग आणि शिक्षक दोन. त्यांतील एक रजेवर वा सभेस गेला म्हणजे पांचही वर्ग एकाच्या गळ्यांत. पाडे विखुरलेले, पावसाळ्यांत ओढे अडलेले. शिवाय दिवाळीनंतर कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात व होळीच्या सुमारास परततात. कायद्यानें प्राथमिक वर्गांस वर्षाचे दोनशें दिवस सांगितले आहेत. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे त्यांतील निम्म्याच्या घरांतले दिवस बुडतात. तें मूल कोणत्याही शाळेंत असलें तरी मागें राहणारच. अशा मुलांस आजीआजोबांपाशीं ठेवणें किंवा हंगामी वसतिगृहाची सोय गांवांत करून घेणें, हें शाळा बदलण्याहून अधिक फलदायी होय. आश्रमशाळेंत राहण्याजेवण्याची सोय होते हें खरें. परंतु सहा वर्षांचें मूल घरापासून तुटतें, हेंही तितकेंच खरें. दूर शहरांतील नामांकित शाळेंत पाठवितांना तर ही गोष्ट दुप्पट तोलून पाहावी.

कायद्यानें पालकांच्या हातीं कांहीं साधनें दिलीं आहेत, त्यांची माहिती प्रत्येक घरीं असली पाहिजे. सरकारी व अनुदानित शाळेस शाळा व्यवस्थापन समिति असावी लागते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शिक्षक वेळेवर येतात कीं नाहीं, दुपारचें भोजन कसें आहे, हें विचारण्याचा या समितीस अधिकार आहे. फीच्या शाळेवर असें बंधन नाहीं. तेथें नाराज पालकास मूल काढून घेणें एवढाच मार्ग उरतो. त्याच कायद्यानें खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठीं ठेविल्या आहेत. सरकारी वा अनुदानित शाळा एका किलोमीटरच्या आंत असेल तर खासगी शाळेस यांतून सूट, असा नियम राज्य सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें केला होता. मुंबई उच्च न्यायालयानें तो त्याच वर्षीं जुलैंत रद्द ठरविला. डोंगरांतील पाड्यास मात्र या जागांचा उपयोग तेव्हांच, जेव्हां तशी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असते.

मग निवड कशी करावी? त्यासाठीं फार विद्या लागते असें नाहीं. अक्षरशत्रु बापासही ती करतां येईल. ज्या शाळेंत मूल घालावयाचें, तेथें एखाद्या साध्या दिवशीं, आगाऊ न कळवितां, एक प्रहर बसावें. शिक्षक हजर आहे काय, हें पाहावें. मुलें त्याच्याशीं बोलतात कीं केवळ त्याच्यामागें ओरडतात, हें ऐकावें. तिसरीच्या मुलास न वाचलेल्या पुस्तकांतील चार ओळी वाचावयास सांगाव्या आणि त्यांत काय आहे तें त्याच्या बोलींत विचारावें. बाजारांतला हिशेब घालावा: तीन किलो आमचूर, अमुक भाव, तर एकूण पैसे किती? फीच्या शाळेंत शिक्षक दरवर्षीं बदलतात काय, याचीही चौकशी करावी. शेवटीं, घरापासूनचें अंतर मुलाच्या पायांनीं मोजावें. या कसोट्यांस जी शाळा उतरेल ती चांगली, मग तिच्या पाटीवर कांहींही लिहिलेलें असो.

आणखी एक विचार उरतो. गांवांतील जाणतीं घरें आपलीं मुलें काढून नेतात, तेव्हां सरकारी शाळेंतून केवळ कांहीं पोरें कमी होत नाहींत. समितींत प्रश्न विचारणारीं माणसेंही कमी होतात. मागें राहतात तीं ज्यांच्या आईबापांस फडावरून येण्यास सवड नाहीं अशीं मुलें. ज्यास खासगी शाळा खरोखरच सोयीची व पेलणारी आहे, त्यानें तेथें मूल अवश्य घालावें. त्यांत दोष कांहीं नाहीं. परंतु पाड्यावरच्या शाळेंतील दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ती भरावी म्हणून अर्ज करणाऱ्यांत त्याचाही अंगठा वा सही असावी. कारण त्या डोंगरांतील बहुतेक मुलांस शिकविणारी शाळा तीच आहे, आणि पुढेंही पुष्कळ वर्षें तीच राहणार आहे.