घरची वीज – ७ : मे महिन्याचं बिल आणि ३१ मार्च

आज बँकेच्या कर्जाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. नाशिकहून एका वाचकांनी गच्चीवरच्या सोलरचं कोटेशन आणि विजेचं बिल, दोन्हींचे फोटो पाठवलेत आणि ते पाहिल्यावर दुसरं काही सुचेना. घरात चार माणसं, एक एसी आणि कोटेशन चक्क पाच किलोवॅटचं! कर्ज किती काढायचं ते नंतर बघू. मुळात कशासाठी काढायचं ते तरी आधी ठरू द्या.

पाचाचा आकडा आला कुठून? व्हेंडरने मे महिन्याचं बिल मागितलं. त्यात वापर होता ४१० युनिट. त्याला पुरतील एवढी पॅनलं धरली आणि ‘पुढेमागे दुसरा एसी घ्यालच’ म्हणून वर आणखी थोडी चढवली. ही पद्धत इतकी रूढ आहे की आता मला तिचं नवल वाटत नाही, राग मात्र अजून येतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो वाचायला चष्म्याखेरीज काही लागत नाही. या घराचा वापर पाहा: एप्रिल ३४०, मे ४१०, जून ३००. पावसाळ्यात दोनशेच्या आगेमागे, ऑक्टोबरात २६०. डिसेंबर-जानेवारीत १८०, आणि मार्चमध्ये पुन्हा २८०. वर्षाची बेरीज २,९६५ युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २४७. मे महिना हा या घराचा पाहुणा आहे, मालक नव्हे.

आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण साडेतेराशे युनिट देतो. धूळ, ढग, तापलेल्या पॅनलची गळती सगळं धरून हा सावध आकडा आहे. गच्चीवर सावली नसेल तर थोडं जास्तच मिळेल. म्हणजे दोन किलोवॅटचे २,७००, तिनाचे ४,०५० आणि पाचाचे ६,७५०. शेवटचा आकडा या घराच्या वापराच्या दुपटीहून अधिक.

‘जास्त झाली तर झाली, वीज वाया थोडीच जाते?’ असं नाशिकच्या वाचकांनी पत्रात विचारलंय. वाया जात नाही हे खरं, पण तिचं मोल उतरत जातं. कसं ते बिलाच्या टप्प्यांवरून कळतं. घरगुती वापराची पहिली १०० युनिटं स्वस्त. १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीहून अधिक आणि ३०१ पासून आणखी चढा. सोलर हे बिल वरून खातं, दुधावरची साय आधी जावी तसं. सरासरीचाच महिना घेऊ. पहिला किलोवॅट वापर २४७ वरून १३५ च्या आसपास आणतो. त्याने वाचवलेली सगळी युनिटं महागड्या टप्प्यातली असतात. दुसरा किलोवॅट १३५ वरून वीस-पंचविसावर आणतो, पण त्यातली बहुतेक युनिटं पहिल्या शंभरातली, म्हणजे स्वस्तातली. पॅनल तेवढंच, ऊन तेवढंच, कमाई मात्र बरीच कमी. आणि तिसऱ्याला वाचवायला काही उरतच नाही.

सबसिडीही तेच सांगते. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे एक रुपयाही नाही. म्हणून कमाल ७८,०००. सरकारने पहिल्या दोघांसाठी किलोवॅटमागे ५०,००० खर्च धरून त्याच्या ६० टक्के दिले आणि तिसऱ्यासाठी ४५,००० धरून ४० टक्के. पाच किलोवॅटच्या कोटेशनवर ‘₹७८,००० सबसिडी!’ असं ठळक अक्षरात छापलेलं असतं. चौथा आणि पाचवा पूर्णपणे आपल्या खिशातून, हे कुठेच छापलेलं नसतं. सबसिडीची रक्कम यंत्रणा चालू झाल्यावर खात्यात येते, तोवर पूर्ण पैसे आपणच भरायचे, हेही लक्षात ठेवा.

मोठ्या यंत्रणेच्या मोहामागे ‘शून्य बिल’ नावाचं एक खूळ आहे. घेतलेल्या विजेतून दिलेली वजा करणाऱ्या नेट मीटरवर युनिटं शून्य झाली तरी स्थिर आकार लागायचा तो लागतोच. शून्याच्या हट्टापायी लाखभर रुपये जास्त घालणारे लोक मी पाहिलेत. ते शेजाऱ्यांना बिल दाखवतात, कर्जाचा हप्ता दाखवत नाहीत.

आता माझ्या लाडक्या तक्रारीकडे येतो. नियमित वाचकांना ती येणार हे माहीत होतंच.

नेट मीटरमध्ये या महिन्याची शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, इथवर छान. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे हा हिशोब आर्थिक वर्षाचा आहे. ३१ मार्चला जी युनिटं उरतील ती वीज कंपनी विकत घेते आणि १ एप्रिलला पाटी कोरी. विकत घेते तो दर आपण तिला मोजतो त्यापेक्षा बराच कमी. आता ही तारीख उन्हाशी लावून बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ स्वच्छ, पॅनल थंड आणि घरात पंखेही बंद. शिल्लक साठते ती याच दिवसांत. नाशिकच्या या घरावर दोनच किलोवॅट असते, तरी मार्चअखेर माझ्या अंदाजाने पावणेदोनशे युनिटं साठली असती. ती ३१ मार्चला स्वस्तात जाणार आणि लगेच एप्रिल-मेमध्ये एसी लागल्यावर तेच घर चढ्या दराने वीज घेणार. वर्षाच्या बेरजेत वीज कमी पडत असूनही विकावी लागते! तीन किलोवॅट बसवले तर ही मार्चअखेरची शिल्लक पावणेआठशेच्या घरात जाते.

हिशोबाचं वर्ष ३० सप्टेंबरला संपवलं तर? तोवर पावसाळ्याने साठा खाऊन टाकलेला असतो, बुडायला फारसं काही उरत नाही आणि थंडीतली बचत उन्हाळ्यात कामी येते. हिशेबनीसांना मार्च सोयीचा असेल, पण सूर्य काही लेखापरीक्षणासाठी उगवत नाही. नियम बदलेपर्यंत आपल्या हातात एवढंच की यंत्रणा वर्षाच्या वापराहून किंचित लहान ठेवायची.

तर मग दोनच किलोवॅट घ्यायचे का? कोटेशनमधला दुसरा एसी सध्या काल्पनिक आहे. तो खरोखर येणार असेल तर हिशोब पालटतो. दीड टनाचा एसी रात्री सहा तास, उन्हाळ्याचे तीन महिने चालला तर सहाशेच्या आसपास युनिटं घेतो. इलेक्ट्रिक स्कूटर रोज तीस किलोमीटर फिरली तर वर्षाला साडेतीनशे. दोन्ही मिळवले की वापर ३,९०० च्या पुढे जातो आणि तिसरा किलोवॅट आपलं भाडं भरतो. पाच मात्र तेव्हाही नाहीत. तेव्हा नाशिककरांनी घरात विचारावं, स्कूटर या वर्षी की ‘बघू’? ‘बघू’ असेल तर आत्ता दोनच घ्यावेत. इन्व्हर्टर मात्र तीन किलोवॅटचा घ्यावा आणि गच्चीवर आणखी दोन पॅनलांची बिनसावलीची जागा राखून ठेवावी. पुढे वाढवताना कागदपत्रं पुन्हा करावी लागतील, तेवढा त्रास सोसावा.

जाता जाता, कोल्हापूरच्या एका वाचक बाईंचा प्रश्न दोन आठवडे पडून आहे: लाइट गेली की भर उन्हात आमचं सोलर का बंद पडतं? बिघाड नाही, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत तुमच्या गच्चीवरची वीज पोहोचू नये, म्हणून ग्रिड गेलं की साधा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर घर लाइनपासून तोडून तेवढ्यापुरतं चालवता येतं. त्याचा खर्च कर्जाच्या लेखानंतर मांडतो. पण बॅटरीला सबसिडी नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.