घरचे ध्वनिभांडार आणि त्याचा गारवा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या, शाळेच्या संमेलनाची चित्रफीत, हे सारे आज मोबाइलमध्ये असते. मोबाइल बिघडला की आजीचा आवाजही गेला! म्हणून घरीच एक सर्व्हर उभारावा. जुना संगणक घ्या, त्यात दोन हार्ड डिस्क बसवा, राउटरला तारेने जोडा. एकीवरचे दुसरीवर आपोआप उतरेल अशी योजना करा.

पण डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, ती तापणारच. बंद कपाटात कोंडली, तर चुलीपाशी ठेवल्यासारखेच! म्हणून दोन डिस्कांत बोटभर फट ठेवा. पुढचा पंखा हवा आत ओढील, मागचा तापलेली बाहेर टाकील. वाटेत तारांचा गुंता नको. जाळीवरची धूळ महिन्याला झटका. डिस्क आपले तापमान स्वतःच सांगते. ते ४५ अंश सेल्सिअसच्या आत असले म्हणजे बरे. पण खोलीच ४० अंशांची असेल, तर पंखा गारवा आणणार कुठून? तेव्हा यंत्र घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा.

आणि एक प्रत परगावी, भावाकडे ठेवा. घरावर वीज पडली, तर दोन्ही डिस्क जातील. ओव्या मात्र राहतील.