ग्राम बाल शिक्षा केंद्र

ग्राम बाल शिक्षा केंद्र ही ग्रामीण व आदिवासी मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे स्थापन केलेली संस्था आहे. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या प्रारंभापासून त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये संस्थेचे कार्य कोसबाड (तत्कालीन ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथे हलविण्यात आले.

कार्यपद्धती

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यांना परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे व माती यांचाच खेळसाहित्य म्हणून उपयोग करण्यात आला. बिया निवडणे व मोजणे यांतून संख्याज्ञान, तर गाणी व गोष्टींतून भाषाविकास साधला जाई. भावंडे सांभाळण्यात व घरकामात गुंतलेली मुले बालवाडीत येऊ शकत नसत. त्यामुळे शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या अंगणातच वर्ग भरवीत. यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना पुढे आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालविण्यात आली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारा प्रयोग ‘विकासवाडी’ या नावाने ओळखला जातो.

प्रभाव

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी असेच म्हणतात. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना पद्मश्री पुरस्काराने सन्मानित करण्यात आले.