न झालेल्या लढतीचा निकाल

जो सामना कधी झाला नाही आणि यापुढे होणेही शक्य नाही, त्याचा निकाल सांगण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. आखाड्याच्या कडेला बसलेली वृद्ध मंडळी आजच्या पैलवानाची जोड मागच्या पिढीतल्या पैलवानाशी लावून पाहतात. वाद कधी मिटत नाही, आणि मिटत नाही म्हणूनच त्याची गोडी टिकते. मुष्टियुद्धाच्या जगात मात्र १९६७ साली असा एक वाद यंत्राकरवी कायमचा मिटविण्याचा उद्योग झाला.

अमेरिकेतील मायामी शहरी मरे वोरोनर नावाचा एक नभोवाणी-निर्माता होता. त्याने निरनिराळ्या काळांतील सोळा नामांकित हेवीवेट मुष्टियोद्धे निवडले, मुष्टियुद्धाच्या जाणकारांकडून त्यांच्या गुणदोषांची माहिती गोळा केली आणि ती सारी आकड्यांच्या रूपाने ‘एनसीआर ३१५’ या गणकयंत्रात भरली. यंत्राने दिलेल्या निकालांवरून धावते वर्णन तयार होई आणि ते नभोवाणीवरून ऐकविले जाई. श्रोत्यांना खरीखुरी लढत ऐकत असल्याचा भास व्हावा अशी ही योजना होती. या काल्पनिक स्पर्धेत शेवटी रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरविले. त्याआधी, उपांत्यपूर्व फेरीत, मुहम्मद अलीला विसाव्या शतकाच्या आरंभीचा जगज्जेता जिम जेफ्रीज याने पराभूत केले होते.

अलीला हा निकाल झोंबला, आणि त्याला कारणही होते. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात दाखल होण्यास नकार दिल्यामुळे १९६७ सालीच त्याचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले होते. लढण्याचा परवानाही गेला होता. रिंगणात उतरून कोणाला उत्तर देण्याची सोय नव्हती. जवळ उरली होती ती एकच मिळकत, आजवर कोणीही हरविले नाही ही कीर्ती. आणि यंत्राने तिलाच धक्का लावला. त्याने वोरोनरवर दहा लक्ष डॉलरांचा बदनामीचा दावा लावला. तडजोड झाली ती मोठी विलक्षण. अलीने मार्सियानोशी चित्रपटासाठी लढावे आणि निकाल यंत्राने द्यावा, असे ठरले.

मार्सियानो १९५६ साली निवृत्त झाला होता. ४९ लढती, ४९ विजय, त्यांपैकी ४३ नॉकआउटने, असा त्याचा हिशेब. या चित्रपटासाठी त्याने सुमारे पन्नास पौंड वजन उतरविले आणि डोक्यावर केसांचा टोप चढविला. १९६९ साली मायामीच्या स्टुडिओत दोघांनी एकेका मिनिटाच्या सत्तर किंवा अधिक फेऱ्या खेळून दाखविल्या. शेवट अनेक प्रकारचे चित्रित झाले. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मार्सियानो विमान-अपघातात मरण पावला. २० जानेवारी १९७० रोजी सुमारे दीड हजार चित्रपटगृहांत हा बोलपट एकाच वेळी दाखविण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अलीला कोसळताना पाहिले. युरोपात दाखविलेल्या आवृत्तीत मात्र अली विजयी झाला! यंत्राचा निकाल समुद्र ओलांडताच बदलतो, तेव्हा त्यात व्यापाराचा हात किती आणि गणिताचा किती, हे वेगळे सांगावयास नको.

व्यापाराचा भाग सोडून दिला तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. दोन भिन्न पद्धतींचे योद्धे समोरासमोर आले तर काय होईल, हे आधी सांगता येते काय?

मुष्टियुद्धात ढोबळपणे तीन पद्धती मानल्या जातात. पहिला योद्धा अंतर राखून लढतो. पायांच्या चपळाईने तो प्रतिस्पर्ध्याभोवती फिरतो आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पुन्हापुन्हा मारून त्याला दूर ठेवतो. अली या पद्धतीचा मेरुमणी. दुसरा योद्धा डोके खाली घालून, अंग डोलवीत आत शिरतो आणि छाती-बरगड्यांवर मारा करून प्रतिस्पर्ध्याची दमछाक करतो. मार्सियानो आणि जो फ्रेझर हे दोघे या वर्गातले. तिसरा योद्धा फारसा हलत नाही. एकाच प्रचंड ठोशावर त्याची भिस्त असते. जॉर्ज फोरमन हे त्याचे उदाहरण.

कुस्तीत जसा डावाला प्रतिडाव असतो, तसे या पद्धतींचेही आहे. कोणतीही एक पद्धत बाकी सर्वांवर वरचढ नसते. १९७१ ते १९७४ या चार वर्षांत हे जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल. ८ मार्च १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझरने अलीला हरविले. जॅबच्या खालून आत शिरण्याची कला त्याला अवगत होती, आणि पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने अलीला जमिनीवर लोळविले. २२ जानेवारी १९७३ रोजी जमेकातील किंग्स्टन येथे त्याच फ्रेझरला फोरमनने दोन फेऱ्यांच्या आत सहा वेळा खाली पाडले. फ्रेझरला पुढे येण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि पुढे येणारे डोके वाटेतच गाठणे हेच तर फोरमनचे बळ. मग अलीचा फ्रेझरकडून पराभव आणि फ्रेझरचा फोरमनकडून चुराडा झालेला असताना फोरमनपुढे अलीची काय कथा? बेरीज-वजाबाकी करणाऱ्या कोणालाही एकच उत्तर मिळाले असते, आणि पैजा लावणाऱ्यांना तेच मिळाले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे अलीने आठव्या फेरीत फोरमनला चीत केले.

क श्रेष्ठ ख पेक्षा, ख श्रेष्ठ ग पेक्षा, म्हणून क श्रेष्ठ ग पेक्षा, हा शाळेतला न्याय येथे लागू पडत नाही. गुणांची बेरीज करून योद्ध्यांना शिडीच्या पायऱ्यांवर बसविले तर बेरीज अचूक असूनही भाकीत चुकते. कारण प्रत्यक्षात ती शिडी नसून चक्र असते.

किन्शासाच्या लढतीत याहूनही अवघड गोष्ट घडली. चपळाईने नाचत राहून अली जिंकेल, अशी त्याच्या पाठीराख्यांची आशा होती. दुसऱ्या फेरीपासून त्याने नाचणे जवळजवळ सोडले. तो दोरांवर रेलून उभा राहिला, हातांनी चेहरा झाकला आणि फोरमनला मारू दिले. मारणाराच थकला. १९६७ पूर्वीच्या अलीविषयी कितीही माहिती गोळा केली असती तरी हे तीत सापडले नसते. कारण त्या काळात त्याला फारसे कोणी गाठतच नसे, आणि तो किती मार सोसू शकतो हे पाहण्याचा प्रसंगच दुर्मिळ. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर पाय मंदावले, तेव्हा त्याच्या अंगच्या या दुसऱ्या गुणाचा शोध लागला. वोरोनरच्या यंत्राला हा गुण ठाऊक असणे शक्यच नव्हते. एका अर्थी मार्सियानोच्या बाबतीत यंत्राने दिलेले उत्तरही जुन्या माहितीचा प्रतिध्वनीच होता. २३ सप्टेंबर १९५२ रोजी मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून जगज्जेतेपद जिंकले तेही तेराव्याच फेरीत.

असे असले तरी भाकीत करावयाचेच नाही असे नव्हे. मार्सियानोला सर्वांत जवळचा प्रत्यक्ष नमुना म्हणजे फ्रेझर, आणि अलीने त्याच्याशी झालेल्या तीन लढतींपैकी पहिली गमावून पुढील दोन, १९७४ आणि १९७५ मध्ये, जिंकल्या. शिवाय हे तिन्ही सामने अलीच्या उतरत्या चपळाईच्या काळातले. मार्सियानोचे वजन १८५ पौंडांच्या आसपास, फ्रेझरहून बरेच कमी. त्याच्या हातांचा पल्ला सुमारे ६८ इंच, अलीचा सुमारे ७८. हे माप दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत घेतात. तेव्हा एका हाताचा फरक साधारण पाच इंच धरावा. तरीही पाच इंच म्हणजे आत येताना दर खेपेस एक-दोन ठोसे फुकट खाणे.

त्याहून घातक गोष्ट म्हणजे मार्सियानोची कातडी. सप्टेंबर १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सशी लढताना त्याचे नाक असे फाटले की लढत थांबविली जाण्याचा धोका उभा राहिला. आठव्या फेरीत चार्ल्सला पाडले म्हणून तो वाचला. आणि मे १९६६ मध्ये अलीने हेन्री कूपरला हरविले ते डोळ्याजवळ झालेल्या जखमेमुळेच. मार्सियानोने हरविलेले जो लुई, वॉलकॉट आणि आर्ची मूर हे मोठे योद्धे खरे, पण त्या वेळी तिघांचीही उमेद ओसरलेली होती, हेही विसरता येत नाही.

मार्सियानोच्या बाजूने दोन गोष्टी बोलतात. एक, १९६३ साली कूपरने आणि १९७१ साली फ्रेझरने अलीला पाडले ते डाव्या हुकनेच. अली ठोसा चुकविण्यासाठी खाली वाकत नसे, मान मागे घेई. जवळ घुसलेल्या ठेंगण्या योद्ध्याला तेवढे पुरते. दुसरी, मार्सियानोचा दम. डोके वा पोट सापडले नाही तर तो दंडांवर आणि खांद्यांवरही मारीत राही, आणि बाराव्या फेरीत त्याचा ठोसा पहिल्या फेरीइतकाच जड असे.

या सर्वांचा ताळा मांडला तर १९६६च्या अलीपुढे मार्सियानो जखमांमुळे नवव्या-दहाव्या फेरीच्या सुमारास थांबविला जाईल, किंवा गुणांवर मागे राहील, हाच संभव अधिक. मात्र तो शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पायावर उभा राहिला, तर निकाल उलटण्याची वाटही मोकळी राहते. पण लढत किती फेऱ्यांची, हे आधी ठरविले पाहिजे. १९८२ साली कोरियाचा किम डुक-कू हा मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत कोसळून पुढे मरण पावला, आणि त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती क्रमाक्रमाने पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. १९५२च्या त्या लढतीत बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तोच नियम तेव्हा असता, तर मार्सियानो त्या रात्री जगज्जेता झाला नसता आणि त्याच्या हिशेबात एक पराभव लिहिला गेला असता.