एका इस्पितळाचे काम नव्हे

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात झाले. अशा माणसाने वैद्यकीय संशोधनावर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण हे संशोधन ज्यांच्या शरीरावर होते त्यांत आमचे सभासदही असतात, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

काही वर्षांपूर्वी यंत्रमागावरच्या एका कामगाराने एक इंग्रजी कागद आमच्यापुढे ठेवला. ‘भाऊ, इस्पितळात सही तर करून आलो, आता हे काय आहे ते सांगा,’ असे तो म्हणाला. ते एका औषधाच्या चाचणीचे संमतिपत्र होते. आमचे डोके तडकले. आमची माणसे म्हणजे काय पिंजऱ्यातले उंदीर? त्या रागाच्या भरात आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता आमचे मत पुष्कळ बदलले. अगदी सगळे मात्र नाही.

पहिला प्रश्न असा, की चाचणी हवीच कशाला? अनुभवी डॉक्टरला औषधाचा गुण कळत नाही काय? कळतो, पण फसगतही होते. नाणे दहा वेळा उडवले आणि सात वेळा छाप पडला तर त्यात विशेष काही नाही. हजार वेळा उडवून सातशे वेळा छाप पडला तर मात्र नाणे खोटे समजावे. एका इस्पितळात एका रोगाचे रुग्ण असे कितीसे येणार? तेथील अनुभव म्हणजे दहा वेळा उडवलेले नाणे. म्हणून अनेक इस्पितळांनी एकच प्रश्न घेऊन, एकाच नियमाने, एकत्र काम करावे लागते. एका खात्याच्या संपाने मालक हलत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरी अडचण मनुष्यस्वभावाची. नवे औषध हाती आले, की ज्याची आशा अधिक त्यालाच ते द्यावे असे डॉक्टरला नकळत वाटते. मग गुण औषधाचा की रुग्णाच्या प्रकृतीचा, हे कसे ठरणार? यावरचा उपाय ब्रिटनमध्ये 1947 साली सुरू झालेल्या क्षयरोगाच्या चाचणीत स्पष्ट दिसला. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा सर्वांना पुरेल इतके नव्हते. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी कोणाला औषध मिळावे हे बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांवर सोपवले. अनेक इस्पितळांतले मिळून 107 रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. एक्स-रे तपासणाऱ्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते. याच चाचणीत दुसरीही गोष्ट उघड झाली: औषध एकटेच दिले तर पुष्कळ रुग्णांतील जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून पुढे दोन औषधे जोडीने देण्याची पद्धत आली.

तिसरे उदाहरण आपल्या देशातले. क्षय झालेल्या कामगाराने पूर्वी सॅनिटोरियममध्ये जाऊन महिनोन्‌महिने पडून राहावे, असे सांगत. तेवढ्यात नोकरी जाई आणि घर उघड्यावर पडे. 1956 साली मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले. गरीब वस्तीतल्या 193 रुग्णांपैकी काहींना सॅनिटोरियममध्ये, काहींना घरी ठेवून सर्वांना वर्षभर तीच औषधे दिली. सॅनिटोरियममधल्या शंभरांतील 92 आणि घरच्या शंभरांतील 86 रुग्णांचा रोग शमला. घरच्या माणसांना जास्त लागण झाली, असेही आढळले नाही. हा निष्कर्ष 1959 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि घरी राहून क्षयावर उपचार घेण्याचा मार्ग जगातल्या गरिबांना मोकळा झाला.

अलीकडची गोष्ट 2020 ची. कोविडच्या साथीत ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमधील 176 इस्पितळे ‘रिकव्हरी’ नावाच्या एका चाचणीत एकत्र आली. काम मार्चमध्ये सुरू झाले आणि जूनमध्ये उत्तर हाती आले. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध दिल्याने कृत्रिम श्वासयंत्रावरील शंभर रुग्णांतले मृत्यू सुमारे 41 वरून 29 वर आले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. जगभर वाटले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन याच चाचणीत निरुपयोगी ठरले. इतकी घाई साधली कशी? कागदपत्रे थोडी ठेवली, प्रश्न नेमका ठेवला, आणि पाळीवरच्या कोणत्याही डॉक्टरला रुग्ण नोंदवता येईल अशी सोय केली. मधल्या काळात आकडे पाहून धोक्याची सूचना देणारी स्वतंत्र समितीही होती.

आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने 2012 पासून कर्करोग इस्पितळांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले आहे. असे काम लहान शहरातही होऊ शकते. पण त्यासाठी नोंदी ठेवणारी माणसे आणि डॉक्टरला थोडी उसंत लागते. यंत्रे त्यानंतरची.

आता आमचे न बदललेले मत सांगतो. 2019 च्या नियमांनुसार नीतिसमितीत किमान सात सभासद हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, त्यात एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई देणे बंधनकारक आहे. चाचणीची नोंद सर्वांना पाहता येईल अशी आधीच करावी लागते. नियम चांगले आहेत. पण समितीतला तो सामान्य नागरिक जर मान डोलावण्यापुरताच बसला, तर नियम कपाटातच राहतात.

त्या कामगाराला घेऊन आम्ही इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास बसून मराठीत सारे समजावले. त्याने एकच विचारले, ‘मी नाही म्हटलं तर औषधपाणी बंद होईल का?’ डॉक्टर म्हणाले, ‘नाही.’ दोन दिवस विचार करून तो चाचणीतून बाहेर पडला. त्याचे नेहमीचे उपचार चालू राहिले. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस सारे ऐकून आपण होऊन चाचणीत राहिला. आमच्या मते दोघांचेही बरोबर होते. चूक एवढीच, की तो अर्धा तास सहीच्या आधी मिळायला हवा होता. आपल्यापैकी कोणापुढे असा कागद आला तर तेवढा वेळ अवश्य मागून घ्यावा, आणि मग जे पटेल ते करावे.