जपानमधील पहिले चौदा दिवस

कळंबोलीच्या सिडको वसाहतीत घर शोधणाऱ्याला रस्त्याचे नाव विचारून उपयोग नसतो. सेक्टर, ‘केएल’चा प्रकार, इमारत आणि खोली असे आकडे ओळीने सांगितले की रिक्षावाला नेमका दारापाशी आणून सोडतो. जपानमधील पत्त्यांची तऱ्हाही पुष्कळशी अशीच आहे. तेथील बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. आधी प्रांत, मग शहर, मग पेठेसारखा विभाग आणि त्यानंतर गटाचा व इमारतीचा क्रमांक, असा तो पत्ता उतरत जातो. कळंबोलीतून तेथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो वाचणे जड जाऊ नये. जड जाते ते हा पत्ता सरकारदरबारी आपल्या नावावर लावून घेणे.

मुलगा किंवा मुलगी जपानला निघाली की घरात चिंता असते ती भाषेची, थंडीची आणि जेवणाची. या तिन्ही गोष्टींशी माणूस हळूहळू जुळवून घेतो. कागदपत्रांना मात्र मुदत असते, आणि पहिल्या पंधरवड्यात राहिलेली त्रुटी पुढे वर्षभर त्रास देते.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख लोकांच्या आदानप्रदानाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात विद्यार्थीही आहेत. दोन विद्यापीठांतील करारानुसार सहा महिने ते एक वर्ष तेथे शिकणारा विद्यार्थी बहुधा शुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो. जपानी विद्यापीठ ते पुन्हा आकारत नाही. जपानी भाषा हाच पदवीचा विषय असणाऱ्यांसाठी जपान सरकारची एक वर्षाची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा दीर्घकाळ शिकवली जात आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची केंद्रे असल्याने कळंबोलीकरांना, द्रुतगती मार्गाच्या तोंडाशीच राहत असल्यामुळे, दोन्ही सारखीच सोयीची.

पत्त्याची साखळी

तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याला नारिता, हानेदा, कान्साई यांसारख्या मोठ्या विमानतळावर उतरताच ‘झाइर्यू कार्ड’ म्हणजे निवासपत्र मिळते. ही पद्धत जुलै २०१२ पासून आहे. हे पत्र सतत जवळ बाळगणे सक्तीचे असून न बाळगल्यास दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. विमानतळावर मिळते तेव्हा त्यावर पत्ता नसतो. राहण्याची जागा निश्चित झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत तेथील नगर कार्यालयात जाऊन तो नोंदवावा लागतो. कर्मचारी पत्राच्या मागील बाजूस पत्ता छापून देतात आणि तेथून सारी चक्रे फिरू लागतात. योग्य कारणाविना नव्वद दिवसांत नोंद न झाल्यास निवासाचा दर्जाच रद्द होऊ शकतो.

त्याच कार्यालयात, आणि शक्य तर त्याच दिवशी, राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालावे. तो ऐच्छिक नाही. विमा असला की दवाखान्याच्या बिलातील ३० टक्केच रक्कम स्वतःला भरावी लागते. उत्पन्न नसलेल्याला हप्त्यात सवलत मिळते. वयाची वीस वर्षे पूर्ण झालेल्याला राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाही लागू होते. एक वर्षासाठी गेलेल्या विद्यार्थ्याने निवृत्तिवेतनाचा हप्ता का भरावा, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु आलेले पत्र कपाटात टाकणे हे त्याचे उत्तर नव्हे. सवलतीचा किंवा माफीचा अर्ज तेथेच करता येतो.

पत्ता नसला तर बँकेत खाते उघडत नाही. बँक दूरध्वनी क्रमांक मागते, आणि दूरध्वनी कंपनी अनेकदा दरमहाच्या बिलासाठी बँक खाते किंवा क्रेडिट कार्ड मागते. हा गुंता सोडवण्यासाठी बहुतेक विद्यार्थी टपाल बँकेकडे वळतात. देशात येऊन सहा महिने न झालेल्या परदेशी व्यक्तीला अनेक बँका ‘अनिवासी’ मानून मर्यादित सेवा देतात, हेही ठाऊक असलेले बरे. पहिल्या महिन्याचा खर्च रोखीने भागेल एवढे येन म्हणूनच जवळ असावेत.

वडिलांच्या नावाचे काय?

मराठी विद्यार्थ्याची खरी पंचाईत पुढे आहे. आपल्या पारपत्रावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव बहुधा असतेच. निवासपत्रावर पारपत्रातील सारे नाव जसेच्या तसे उतरते. जपानी अर्जांत मात्र नावाच्या दोनच चौकटी असतात, आडनाव आणि नाव. त्यातच ते काताकाना लिपीत लिहायचे, जिच्यात ‘कुलकर्णी’चे ‘कुरुकारुनी’ होते. एका अर्जात वडिलांचे नाव घातले, दुसऱ्यात गाळले, तिसऱ्यात ‘ळ’चा उच्चार निराळ्या अक्षरांनी लिहिला, की संगणकाच्या लेखी त्या तीन वेगवेगळ्या व्यक्ती. खात्यात शिष्यवृत्ती जमा न होण्याचे कारण कधी एवढेच असते. पहिल्या दिवशी ठरवलेले स्पेलिंग आणि काताकाना एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे आणि शेवटपर्यंत त्यात बदल करू नये. उपाय बाळबोध आहे, पण त्याहून चांगला दुसरा नाही.

अठ्ठावीस तासांची रेघ

जपानच्या विद्यार्थी सेवा संस्थेची अल्पमुदतीची शिष्यवृत्ती दरमहा ८०,००० येन आहे. २०२५ मधील दराने एक येन साधारण ५५ ते ६० पैशांचा धरला तर ही रक्कम ४५ हजार रुपयांच्या आसपास जाते. ऐकायला ती मोठी वाटते. तोक्योत खोलीचे भाडे दिल्यावर तशी वाटत नाही. विद्यापीठाचे वसतिगृह मिळाले तर प्रश्न नाही. बाहेर खोली घ्यायची झाली तर अनामत रक्कम, हमीदार कंपनीचे शुल्क आणि अनेक ठिकाणी घरमालकाला द्यायची, कधीही परत न मिळणारी ‘रेइकिन’, असा भार एकदम पडतो. पागडी ठाऊक असलेल्या मुंबईकराला तिची ही दूरची बहीण ओळखू येईल.

म्हणून अर्धवेळ काम आले. त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. नव्याने प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याला ती विमानतळावरच मागता येते आणि तिचा शिक्का निवासपत्राच्या मागे बसतो. मर्यादा आठवड्याला २८ तासांची आहे. ‘आठवडा’ या शब्दापाशी अनेकजण फसतात. सोमवार ते रविवार असा हिशेब येथे चालत नाही. कोणत्याही दिवसापासून सलग सात दिवस मोजले तरी तास अठ्ठावीसच्या आत असावे लागतात. दोन दुकानांत काम केले तर दोन्हींचे तास एकत्र धरले जातात. विद्यापीठाच्या दीर्घ सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत मुभा असते. मद्यगृहे, पाचिन्को यांसारख्या ठिकाणी तर भांडी घासण्याचे कामही चालत नाही.

घरून कर्ज काढून गेलेल्या मुलाला आणखी दोन तासांचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण उत्पन्न कराच्या नोंदींतून उघड होते. मग निवासाची मुदत वाढवून मिळत नाही आणि गंभीर प्रकरणात देश सोडावा लागतो. वाचवलेल्या काही हजार येनपोटी वर्ष आणि पुढची दारे दोन्ही गमावण्याचा हा व्यवहार आहे. निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून बोलण्याची गोष्ट लोणच्याच्या बरणीपेक्षा हीच.

कचरा, गाडी आणि जेवण

शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते बहुधा कचऱ्यावरून. आपल्याकडे घंटागाडी आली की डबा घेऊन धावायचे. तेथे जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे यांचे वार ठरलेले असतात, आणि पिशवी सकाळी, अनेक ठिकाणी आठच्या आत, नेमल्या जागी ठेवायची असते. काही गावांत तर पालिकेचीच पिशवी विकत घ्यावी लागते. चुकीची पिशवी गाडीवाले उचलत नाहीत. तिच्यावर सूचनेचा कागद चिकटवून ती तेथेच ठेवतात आणि साऱ्या गल्लीला ती कोणाची ते कळते. हार्बर मार्गावर मानसरोवरपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत दूरध्वनीवर गप्पा मारणाऱ्यांना तोक्योच्या गाडीतली शांतता पहिल्या दिवशी भीतिदायक वाटते. तेथे गाडीत दूरध्वनीवर बोलणे असभ्य समजतात.

जुनी सायकल घेतली तर तिची पोलिसांकडील नोंदणी आपल्या नावावर करून घ्यावी. रात्री अडवून ती तपासण्याची पद्धत आहे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक पाठ असावेत.

शाकाहारी कुटुंबांसाठी एक सूचना. जपानी सूप किंवा भाजी दिसायला निरामिष असली तरी तिच्या ‘दाशी’ या रसात सहसा मासा असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. तांदूळ चिकट असतो. वरणभातापुरता तो चालून जातो. डाळी, हिंग, पोहे तोक्योच्या निशिकासाई भागातील भारतीय दुकानांत मिळतात. ही वस्ती ज्या एदोगावा विभागात आहे, त्याच्या सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. ठाणे जिल्ह्यात वाढलेले आणि पुणे विद्यापीठात शिकलेले पुराणिकही प्रथम विद्यार्थी म्हणूनच जपानला गेले होते. गणेशोत्सवात टोकियो मराठी मंडळाकडे मराठी कानावर पडते, पण होक्काइदो किंवा क्युशूच्या विद्यापीठात असलेल्याला त्याचा उपयोग नाही.

एकटेपणा साधारण दुसऱ्या महिन्यात येतो, नवलाई सरली की. वेळेतील साडेतीन तासांचा फरक त्यात भर घालतो. कळंबोलीत रात्रीचे नऊ वाजता जेवणे आटोपून आईवडील निवांत होतात, तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात आणि सकाळी तास असतो. सायंकाळचा चहा हीच बोलण्याची खरी वेळ. इकडे पाच, तिकडे साडेआठ. विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात आणि त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही, हे घरच्यांनीच आधी सांगून ठेवावे.

परतताना हीच साखळी उलट सोडवावी लागते. नगर कार्यालयात स्थलांतराची सूचना द्यायची, विमा बंद करायचा, बँक खाते व दूरध्वनी मिटवायचे आणि विमानतळावर निवासपत्र परत करायचे. गादी, सायकल, टेबल अशा मोठ्या वस्तू टाकण्यासाठी पालिकेकडे आधी वेळ घेऊन शुल्काचे तिकीट विकत आणावे लागते आणि ते वस्तूवर चिकटवावे लागते. गर्दीच्या मार्च महिन्यात ही वेळ लवकर मिळत नाही. विमानाचे तिकीट काढतानाच ती मागितलेली बरी.